माल कुणाचा, जोखीम कुणाची?



या व्यासपीठावर आजवर साहित्यिक आले, संतवाङ्मयाचे अभ्यासक आले, निवृत्त न्यायाधीश आले. माल कस्टममधून सोडवणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच उभा राहतोय. आमची आठवण लोकांना होते ती कंटेनर अडकल्यावर, आणि तीही रात्री अकरानंतर. काही अडलेले नसताना, हार घालून बोलावलेत, त्याबद्दल आभार. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी निफाड-दिंडोरीच्या या शिवारात द्राक्षबागा उभ्या राहाव्यात म्हणून खस्ता खाल्ल्या, असे मला निमंत्रण देताना सांगितले गेले. म्हणून मांडवावरून उतरलेला घड समुद्र कसा ओलांडतो, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

सगळा विषय एका प्रश्नात मावतो. या घडीला माल कुणाचा? बागेत असताना उत्तर शेंबडे पोरही देईल. रॉटरडॅमच्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकाने द्राक्षाचा पनेट, म्हणजे छोटा डबा, उचलला की तिथलेही उत्तर सोपे आहे. मधल्या तीन-चार आठवड्यांत, म्हणजे कसाऱ्याच्या घाटात, न्हावा-शेव्याच्या यार्डात, तांबड्या समुद्रात, माल कुणाचा असतो? सडला तर कुणाचा सडतो, बुडाला तर कुणाचा बुडतो? आपल्या देशाचा परदेशी व्यापार वजनाने मोजला तर जवळजवळ ९५ टक्के समुद्रावरून होतो, किमतीने मोजला तरी ७० टक्क्यांच्या आसपास. एवढा माल पाण्यावर असताना हा प्रश्न सौदा करताना विचारणारे व्यापारी फार थोडे. बाकीच्यांना तो नुकसान झाल्यावर सुचतो. तोवर उत्तर कागदावर छापून झालेले असते आणि त्याखाली आपलीच सही असते.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. मुंबईच्या गोद्या आठवा. प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा, अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४चा. तिथे माल सुटा चढायचा. कापसाची गाठ, साखरेचे पोते, यंत्राची पेटी, एकेक नग आकड्याने ओढायचा, जाळ्यात घालायचा, क्रेनने उचलायचा. सातारा-कोकणातून आलेल्या गोदी कामगारांच्या पाठीवर ते बंदर चालत होते. धक्क्यावर टॅली क्लार्क वही घेऊन उभा. गाठ फाटकी दिसली की तो तसे लिहायचा, पोते ओले असले तर तसे लिहायचा. जहाज आठ-आठ दिवस धक्क्याला लागलेले असायचे, चोऱ्या व्हायच्या, पेट्या फुटायच्या. पण प्रत्येक नग कुणाच्या तरी डोळ्यांखालून जात होता.

अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याला हा सगळा वेळेचा नास वाटला. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याने 'आयडियल एक्स' या जुन्या तेलवाहू जहाजाच्या डेकवर ५८ पेट्या ठेवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. सुटा माल चढवायला टनामागे जवळजवळ सहा डॉलर लागत होते, तिथे त्याचा खर्च सोळा सेंटांच्या घरात आला. पुढे पेटीची मापे जगभर एक झाली, वीस फुटी आणि चाळीस फुटी. तीच पेटी ट्रकवर बसते, तीच रेल्वेच्या वाघिणीवर, तीच जहाजावर. जुन्या गोद्यांचा कारभार हळूहळू ओसरला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात तिथे वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून जास्त पेट्यांची उलाढाल झाली.

इथे थोडे विषयांतर करतो. ज्या उरण-पनवेलच्या पट्ट्यात हे बंदर आहे, तिथे भातशेती होती, मिठागरे होती. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या आंदोलनातून आला. आपला माल ज्या जमिनीवरून परदेशी जातो तिचा हा इतिहास शेतकऱ्यांच्या सभेत गाळणे मला बरे वाटत नाही.

तर कंटेनर. त्याने माल स्वस्तात नेला, चोरी जवळजवळ थांबवली आणि त्याबरोबर साक्षीदारही हटवला. पॅकहाउसमध्ये दार बंद करून बोल्ट सील ठोकले की आत काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, ते पलीकडचे दार उघडेपर्यंत कुणी पाहत नाही. जहाज कंपनी पाहत नाही. कस्टम वाटले तर पाहते. त्यामुळे कंपनी जी पावती देते तिच्यावर इंग्रजीत एक ओळ हमखास छापलेली असते. तिचा अर्थ असा, की आत अमुक माल आहे असे माल पाठवणारा सांगतो; भरला त्याने, रचला त्याने, मोजला त्याने. थोडक्यात, आम्हाला पेटी मिळाली, आतले तुम्ही जाणा. मालाच्या भवितव्याशी या ओळीचा जेवढा संबंध आहे, तेवढा जहाजाच्या इंजिनाचाही नसेल.

आता द्राक्षाचेच बघू. सकाळच्या थंड वेळेत घड काढले, क्रेटमधून पॅकहाउसला आले. बायका कात्रीने बारकेसारके, तडकलेले मणी काढतात, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये भरतात, असे दहा पनेट एका खोक्यात. वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, बुरशी धरू नये म्हणून. मग प्रीकूलिंग. मण्याच्या गरात काटा खुपसून तापमान शून्य ते एक अंशाच्या दरम्यान आलेले दिसेपर्यंत माल हलवायचा नाही. यात काही तास जातात, आणि घोडे इथेच पेंड खाते. गाडी दारात उभी असते, बंदराची कट-ऑफ वेळ डोक्यावर असते, ड्रायव्हर घाटातली गर्दी सांगत असतो, आणि कुणीतरी म्हणतो, "सहा अंशावर आलाय ना, भरा, रीफर आहे, पुढे होईल थंड."

होत नाही. रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड करून दिलेला माल थंड ठेवतो. एवढे वाक्य आज लक्षात राहिले तरी माझे येणे सार्थकी लागले म्हणायचे. त्याच्या यंत्राची ताकद तेवढीच असते. थंड हवा जमिनीच्या पन्हळींतून खालून येते, खोक्यांच्या मधून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. भिंतीवर तांबडी रेघ असते, तिच्यावर खोकी रचली की परतीची वाट बंद. रचणाऱ्याने पन्हळींचा भाग उघडा ठेवला तर हवा मधल्या मधे पळते आणि कोपऱ्यातला ढीग गरमच राहतो. असा माल रॉटरडॅमला उघडला की काड्या तपकिरी झालेल्या, मणी घामेजलेले, कोपऱ्यातल्या खोक्यांत कूज. निर्यातदार जहाज कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. कंपनी शांतपणे तिच्या यंत्रातली नोंद काढून दाखवते. न्हावा-शेवा ते रॉटरडॅम, आत सोडलेली हवा बरोबर ठरवलेल्या अंशावर. नोंद खरी असते. पण ती हवेची आहे, द्राक्षाच्या गराची नाही. मालाच्या गराची नोंद करणारे छोटे यंत्र आपण स्वतः खोक्यांच्या मधोमध ठेवले असते, तर आपलाही एक साक्षीदार आत असता. द्राक्षाच्या एका कंटेनरात बारा-तेरा टन माल असतो. त्याच्या किमतीपुढे त्या यंत्राचा खर्च चहापाण्यातला आहे, आणि तरीही तो वाचवणारे लोक मी पाहतो.

नासक्या मालाबद्दल आणखी एक नियम. बाहेरून न दिसणारे नुकसान असेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी कळवायचे, आणि दावा लावायचा तर एका वर्षाच्या आत. ब्रसेल्समध्ये १९२४ साली ठरलेले हे हेग नियम आपल्या कायद्यात १९२५ पासून आहेत आणि २०२५ साली नवा कायदा झाला तरी गाभा तोच राहिला. त्यात कंपनीला पळवाटाही ठेवलेल्या आहेत. कप्तानाची जहाज हाकण्यात चूक झाली तर नुकसानभरपाई नाही. आग लागली आणि त्यात खुद्द कंपनीचा दोष दाखवता आला नाही, तरीही नाही. भरपाई मिळालीच तर तिला मर्यादा आहे, आणि ती मोजतात नगामागे किंवा किलोमागे. पावतीवर 'द्राक्षाची अमुक इतकी खोकी' असे लिहिले असेल तर प्रत्येक खोके एक नग धरले जाते. 'एक कंटेनर' एवढेच लिहिले असेल तर अख्खा कंटेनर एक नग. आमच्या ऑफिसातला नवा पोरगा कंटाळा करून खोक्यांचा आकडा गाळतो, तेव्हा त्याच्यावर मी एवढा का ओरडतो ते आता कळेल.

या पावतीबद्दल सविस्तर बोलायला हवे. तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, आम्ही बीएल म्हणतो. ती पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मालावरच्या हक्काचा दस्त आहे. सहसा तिच्या तीन अस्सल प्रती निघतात आणि त्यांतली एक दाखवील त्याला माल मिळतो. पाठीमागे सही करून ती दुसऱ्याला देता येते, म्हणजे माल भर समुद्रात असताना विकता येतो. म्हणून बँका तिच्यावर पैसे देतात. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक माल बघतच नाही, कागद बघते. द्राक्षे अमृतासारखी गोड असोत, बीएलवर नावाचे स्पेलिंग पतपत्राप्रमाणे नसेल तर बँक पैसे अडवू शकते. उलट कागद चोख असतील तर आत काय निघाले याच्याशी बँकेला कर्तव्य नाही.

म्हणजे बीएल ज्याच्या हातात, माल त्याचा. मग फसवणूक होते कुठे? जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, आणि हे एकाच माणसाचे झाले असेही समजू नका. आपल्याकडचा एक होतकरू निर्यातदार. परदेशातला गिऱ्हाईक म्हणाला, दर एफओबी द्या, जहाजाचे मी बघतो, माझा फॉरवर्डर, म्हणजे वाहतूक जुळवून देणारा मध्यस्थ, मुंबईत आहे, त्याच्याकडे माल द्या. निर्यातदाराला हायसे वाटले, भाड्याची कटकट गेली. माल चढला. फॉरवर्डरने स्वतःच्या लेटरहेडवरचा बीएल दिला. जहाज कंपनीचा खरा बीएल मात्र फॉरवर्डरच्याच नावाने निघाला होता आणि तो त्याच्या पलीकडच्या एजंटाकडे गेला. आपल्या माणसाच्या तिजोरीत तीन अस्सल प्रती होत्या, पण कंटेनर ज्या कागदावर सुटतो तो कागद त्याच्याकडे नव्हताच. गिऱ्हाइकाने माल उचलला, विकला, फोन उचलणे बंद केले. फॉरवर्डरच्या पत्त्यावर नोटीस गेली तेव्हा तिथे दुसऱ्याच धंद्याचे दुकान लागले होते. तो निर्यातदार वर्षभर माझ्याकडे येऊन एकच विचारत राहिला, बीएल माझ्याकडे असताना माल सुटलाच कसा?

दुसरा प्रकार याहून साधा. गिऱ्हाईक म्हणतो, कुरियरला वेळ लागेल, माल नासेल, तुम्ही अस्सल बीएल मुंबईतच कंपनीला परत करा, ती पलीकडे कळवील. याला टेलेक्स रिलीज म्हणतात. टेलेक्स कधीच गेला, नाव राहिले. नाशवंत मालात ही सोय लागते, मान्य. पण पैसे खात्यात येण्याआधी बीएल परत करणे म्हणजे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांबरोबरच तिची पाठवणी करण्यासारखे आहे.

आता एफओबीचे. सौद्याच्या अटींचे असे शब्द पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ साली पहिल्यांदा नियमांत बांधले आणि सध्या २०२० ची आवृत्ती चालते. तिच्यात असे अकरा प्रकार आहेत, पण आपल्याकडे एफओबी आणि सीआयएफ या दोनांवरच सगळी भिस्त. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. सुट्या मालाच्या काळात हे ठीक होते. गाठ डेकवर टेकली की जबाबदारी गेली. कंटेनर मात्र तुम्ही टर्मिनलच्या फाटकात सोडता आणि तो यार्डात दोन-तीन दिवस पडून राहतो. जहाज उशिरा आले, कंपनीने कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, तर आणखी आठवडा. एवढा काळ माल तुमच्या हातात नाही आणि जोखीम मात्र तुमच्या डोक्यावर. म्हणूनच कंटेनरसाठी एफसीए वापरा, म्हणजे वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपली, असे ते मंडळच सांगते. आमच्याकडे हे सांगितले की उत्तर येते, "गिऱ्हाइकाला एफओबीची सवय आहे." सवय त्यालाही आहे आणि आपल्यालाही, पण किंमत आपणच मोजतो.

सीआयएफ घेतले तर भाडे आणि विमा आपण भरतो, जहाज आपण निवडतो, बीएल थेट कंपनीचा मिळतो. ते मला बरे वाटते. फक्त एक खोच आहे. सीआयएफमध्ये विमा किमान दर्जाचा, म्हणजे क्लॉज सी, दिला तरी नियमाने चालते. क्लॉज सीमध्ये जहाज बुडाले, आग लागली, आपटले, असे मोठे अपघातच येतात. पाणी शिरून पेटी भिजली, चढवताना पडली, चोरी झाली, यांतले त्यात बसत नाही. क्लॉज ए हवा. आणि रीफर बंद पडण्याची जोखीम वेगळी लिहून घ्यावी लागते. क्लॉज ए म्हटले म्हणजे ती आपोआप आली असे नाही.

विम्याला पैसे कशाला, कंटेनर हरवतो थोडाच, असे विचारणारेही भेटतात. त्यांना मी सामायिक हानीचे सांगतो. जहाजावर संकट आले आणि सगळे वाचवण्यासाठी काही खर्च किंवा त्याग करावा लागला, तर तो बोजा जहाजमालक आणि ज्यांचा माल सुरक्षित आहे ते सगळे मालधनी, यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. ही रीत भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांची, फार प्राचीन. आजही ती यॉर्क-अँटवर्प नियमांनी चालते. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे झाले ते तुम्ही टीव्हीवर पाहिले. त्या जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. जहाज निघाले, पण कालव्याच्या अधिकाऱ्यांनी ते जुलैपर्यंत अडकवून ठेवले, आणि मालकाने सामायिक हानी जाहीर केली. ज्यांच्या पेटीला ओरखडाही उठला नव्हता त्यांच्याकडेही हमी मागितली गेली. मार्च २०१८ मध्ये आपल्या अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम'ला आग लागली, पाच खलाशी गेले. त्या जहाजावरचा धड माल सोडवून घ्यायला मालाच्या किमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली होती. विमा असणाऱ्याच्या वतीने विमा कंपनीने हमीपत्र दिले आणि काम झाले. विमा नसणाऱ्याला स्वतःचाच माल परत मिळवण्यासाठी निम्म्याहून जास्त रक्कम रोख ठेवावी लागली.

आग लागते कशी? बऱ्याचदा कुणीतरी घातक रसायन साधा माल म्हणून जाहीर केल्यामुळे. भाडे वाचते, कागद वाचतात आणि शेजारची हजार पेट्यांची चळत पेटते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले, तेव्हा त्यात दारूगोळा आणि कराचीहून घेतलेला कापूस एकत्र भरलेला होता. अर्धी गोदी गेली, शेकडो माणसे गेली, जहाजातल्या सोन्याच्या विटा उडून शहरात पडल्या. युद्धकाळ होता, घाई होती. आज घाईचे निमित्तही नाही. कंटेनरचे खरे वजन तोलून जाहीर करणे १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचे झाले ते अशाच अनुभवांमुळे, कारण लोक वजनातही खोटे बोलत आणि जहाजाचा तोल खोट्या आकड्यांवर राखला जाई. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्याबाहेर बुडाले आणि त्यातल्या प्लॅस्टिकच्या गोळ्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत आल्या. तिथे मच्छीमारांचे नुकसान झाले. त्यांनी तर कुठल्याच बीएलवर सही केलेली नव्हती.

समुद्रावरची जोखीम फक्त आगीची नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडून नेले, डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. मुंबईहून युरोपचा रस्ता साडेचार हजार सागरी मैलांच्या आसपास वाढला, दिवस दहा-पंधरा वाढले, भाडे कुठे दुप्पट झाले, कुठे त्याहून जास्त. नेमका आपला द्राक्षाचा हंगाम. आणि द्राक्षाचा धंदा आपण बहुतेक कन्साइनमेंटवर करतो. माल तिकडे पोचतो, विकला जातो, तिकडच्या बाजारात जो भाव मिळेल त्यातून भाडे, शीतगृह, दलाली कापून उरेल ते आपले. म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे सरळ आहे. रॉटरडॅमचे गिऱ्हाईक पनेट उचलीपर्यंत माल शेतकऱ्याचा. वाढलेले भाडे शेतकऱ्याचे, वाढलेल्या दिवसांतली मऊ पडलेली काडी शेतकऱ्याची. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हाही हेच झाले. माल समुद्रात, नियमाचा बडगा किनाऱ्यावर, तोटा बागेत. त्यानंतर तपासणी कडक झाली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशांची यंत्रणा घट्ट झाली, ग्रेपनेट या संगणकीय यंत्रणेवर बागेपर्यंत मागोवा लागतो. ते काम चांगले झाले. पैशाच्या जोखमीची यंत्रणा मात्र आपण तशी घट्ट केली नाही.

कांदेवाल्यांनी हसू नये. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांदा निर्यात एका अधिसूचनेने बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क डोक्यावर ठेवून. बंदीच्या दिवशी ज्यांचे कंटेनर रस्त्यात होते त्यांना विचारा, माल कुणाचा. परदेशातला गिऱ्हाईक पाकिस्तानकडे वळला आणि परत यायला त्याने घाई केली नाही. यावर निर्यातदार एकटा काही करू शकत नाही, संघटनेने बोलायचे असते. बोललेही जाते, पण भाव पडल्यावर.

ज्याच्या हातात जहाज, त्याच्या हातात व्यापार, हे ओळखलेला माणूस आपल्याच महाराष्ट्रातला, सोलापूरचा. वालचंद हिराचंद. पहिले महायुद्ध संपले तेव्हा भारताच्या समुद्री वाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. नरोत्तम मोरारजींच्या साथीने वालचंदांनी सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. विलायती कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला घेरले. नियमित त्यांच्याच जहाजांनी माल पाठवणाऱ्याला भाड्याचा काही भाग परत मिळे, पण महिने उलटल्यावर. मधे एकदा जरी दुसऱ्याच्या जहाजावर माल चढवला तर सगळी परतफेड बुडे. व्यापारी त्या आमिषाला बांधले गेले. सिंदिया झगडत टिकली, पण पुढे उताराला लागली. आज परदेशी मालवाहतुकीत भारतीय झेंड्याखालच्या जहाजांचा वाटा नगण्य आहे. वाढवणचे बंदर, ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली, ते उद्या उभे राहील. मच्छीमारांचे प्रश्न बाजूला सारून नाही, अशी मी आशा करतो. पण बंदर आपले झाले म्हणून जहाज आपले होत नाही, आणि भाड्याचा दर कोपनहेगन, जिनिव्हा किंवा तैपेईतल्या जहाज कंपन्यांकडे ठरतो.

जहाज आपण बांधू शकत नाही. कराराचे कागद मात्र आपण लिहू शकतो. निर्यातदार मित्रांनो, यंदाची छाटणी ऑक्टोबरात होईल, सौद्यांची बोलणी नंतर सुरू होतील. सही करण्याआधी गिऱ्हाइकाने सुचवलेल्या फॉरवर्डरची नोंदणी तपासा. बीएल जहाज कंपनीचा मागा आणि तो मिळणार नसेल तर आगाऊ पैसे मागा. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकासाठी ईसीजीसीचे संरक्षण घ्या. ही सरकारी संस्था १९५७ पासून याच कामासाठी आहे आणि तिचे मुख्यालय मुंबईतच आहे. एफओबीने विकलात तर आपल्या हितापुरता वेगळा विमा उतरवा. खोक्यांत स्वतःचे तापमान यंत्र ठेवा. आणि शेतकऱ्यांना सांगणे एवढेच, की कन्साइनमेंटवर माल देत असाल तर निर्यातदाराकडे विम्याच्या पॉलिसीची प्रत मागा. मागायला संकोच वाटेल. तरी मागा, कारण तो माल तुमचा आहे.